ओस्तियाला जाऊन आलेला तांब्या

मी एक जुना फिरकीचा तांब्या आहे आणि सध्या माझा मुक्काम सिंगापूरच्या मरीन परेड भागात, समुद्र दिसणाऱ्या एका फ्लॅटमध्ये आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्यासारखे भांडे पाहिलेही नसेल. माझे पोट गोल आहे, मान आखूड आहे आणि झाकणाला बाटलीसारखे आटे आहेत. झाकण फिरवून घट्ट बसवले की मला आडवे पाडा, उलटे करा, पाण्याचा एक थेंब बाहेर येणार नाही. झाकणावर एक कडी आहे, तिच्यात बोट अडकवून मला उचलायचे. प्लास्टिकच्या बाटल्या बाजारात येण्यापूर्वी शहाणी माणसे प्रवासाला निघताना मला बरोबर घेत असत.

माझा जन्म पुण्याच्या तांबट आळीत झाला. आधी मी तांब्याचा एक साधा पत्रा होतो. कारागिराने मला तापवले, ठोकले, पुन्हा तापवले आणि पुन्हा ठोकले. माझ्या अंगावर जे बारीक गोल ठसे दिसतात, ते काही पडझडीचे पोचे नव्हेत. त्याला मठारकाम म्हणतात. त्याने पत्रा घट्ट होतो आणि अंगाला चमक येते. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण सिंगापुरात एका पाहुण्याने मला पाहून, "हा खूप वेळा पडला का हो?" असे विचारले होते, आणि तो अपमान मी अजून विसरलेलो नाही.

दुकानातून मला एका मावशीने घेतले. तिच्या भाचीचे, सुचित्राचे, लग्न ठरले होते. भेट देण्यापूर्वी भांड्यावर नाव घालायची आपल्याकडे पद्धत आहे. नाव घालणारा माणूस छोट्या यंत्राची टोकदार सुई भांड्यावर टेकवतो आणि ठिपक्या-ठिपक्यांनी अक्षरे उमटवतो. माझ्या पोटावर त्याने लिहिले, "चि. सौ. कां. सुचित्रा हिस मावशीकडून सप्रेम भेट", आणि खाली लग्नाची तारीख. गुदगुल्या झाल्या, पण त्या दिवसापासून मी कोणाचा तरी झालो. लग्नात रुखवतावर मला मधोमध ठेवले होते आणि येणारी-जाणारी प्रत्येक बाई मला हातात घेऊन नाव वाचत होती.

सुचित्राचे यजमान चंद्रशेखर पाणीपुरवठा खात्यात अभियंता होते. शहरभर पसरलेल्या नळांची काळजी त्यांच्याकडे आणि प्रवासातल्या पाण्याची काळजी माझ्याकडे. "आख्ख्या गावाला पाणी पाजतात, आणि तहान लागली की माझ्या तांब्याकडे बघतात," असे सुचित्रा हसून म्हणायची. एस.टी.च्या बाकावर, लग्नघरात, इस्पितळात आजारी माणसाच्या उशाशी मी तिच्याबरोबर असायचो. मग तिला मुलगी झाली, अश्लेषा. ती लहान असताना सुचित्रा तिला मान वर करायला लावायची आणि वरून, ओठांना न लावता, पाण्याची बारीक धार तिच्या तोंडात सोडायची. निम्मे पाणी फ्रॉकवर जायचे आणि दोघी हसायच्या. दर शनिवारी ती चिंच आणि मीठ लावून मला घासायची. मित्रांनो, माझे खरे वैभव ते होते.

पुढे अश्लेषा शिकली, यशोधनशी लग्न करून सिंगापूरला गेली आणि तिथल्या एका बँकेत नोकरीला लागली. काही वर्षांनी सुचित्रा गेली. चंद्रशेखर एकटे राहू नयेत म्हणून अश्लेषाने त्यांना आपल्याकडे बोलावले. त्यांनी मला टॉवेलात गुंडाळून बॅगेत घातले आणि आम्ही दोघे सिंगापूरच्या बिशान भागातल्या तिच्या फ्लॅटमध्ये आलो.

तिथे मला काम उरले नाही. घरात पाणी गाळायचे यंत्र होते. नात गार्गी हिच्याकडे तर बर्फ दिवसभर न वितळू देणारी उंच स्टीलची बाटली होती आणि तिच्यापुढे मी म्हणजे अगदीच गावंढळ. सिंगापूरच्या फ्लॅटमध्ये जाड भिंतींची, पोलादी दाराची एक लहान खोली असते. ती संकटात आसऱ्यासाठी बांधलेली असते, पण घरोघरी तिच्यात अडगळ भरतात. एका दिवाळीच्या आवराआवरीत मीही त्या खोलीत सुटकेसच्या मागे जाऊन पडलो. मी काळा पडलो, माझे नाव दिसेनासे झाले. रडलो नाही, कारण आत पाणीच नव्हते.

मग अश्लेषा आणि यशोधनने मरीन परेडला नवा फ्लॅट घेतला. सामान बांधताना मी अश्लेषाच्या हाती लागलो. तिने मला पोटाशी धरले आणि ती तिथेच खोक्यांच्या मध्ये खाली बसली. "बाबा, आईचा तांब्या," एवढेच ती म्हणाली. मला वाटले, आपले दिवस फिरले.

दिवस फिरले खरे, पण भलतीकडेच. अश्लेषाने माझा फोटो नव्या घराची सजावट करणाऱ्या डेसमंडला पाठवला. त्याने फार छान कल्पना सुचवली. माझ्या बुडाला भोक पाडायचे, त्यातून वायर घालायची, वर दिवा लावायचा आणि पुन्हा कधी काळा पडू नये म्हणून सर्वांगाला पारदर्शक लेप द्यायचा. दिवाणखान्यात सोफ्याशेजारी मला ठेवायचे ठरले. अश्लेषाला ते मनापासून आवडले. आईची आठवण रोज संध्याकाळी घरात उजेड देईल, असे तिला वाटले. तिचे प्रेम खोटे नव्हते, मित्रांनो, हे नीट लक्षात घ्या. पण बुडाला भोक पडलेला तांब्या हा तांब्या राहत नाही. त्यात पुन्हा कधीच पाणी भरता येत नाही.

यशोधनने सासऱ्यांना हळूच विचारले, "बाबा, तुम्हाला चालेल ना?"

"घर तिचं, तांब्या तिच्या आईचा. मी कोण बोलणार?" चंद्रशेखर म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी अश्लेषाला विचारले, "डेसमंड कधी येणार आहे?"

"आपण रोमहून परत आलो की."

"मग तोवर मी वापरतो." त्यांनी केलेला विरोध म्हणायचा तर इतकाच. त्या संध्याकाळी ते बाजारातून चिंच घेऊन आले आणि स्वयंपाकघरात उभे राहून त्यांनी मला घासले. काळेपणा गेला आणि सुचित्राचे नाव पुन्हा वर आले.

नव्या घरात राहायला गेल्यावर लगेच, शाळेच्या जूनच्या सुट्टीत, रोमला जायचे आधीच ठरले होते. निघायच्या दिवशी चंद्रशेखरांनी मला काठोकाठ भरले आणि फिरकी घट्ट आवळली. घरातून निघताना भरला तांब्या बरोबर घ्यायचा, हे त्यांच्या इतके अंगवळणी पडले होते की विमानात पाणी नेऊ देत नाहीत हे ते साफ विसरले. चांगी विमानतळावर तपासणीच्या पट्ट्यावरून मी पुढे गेलो आणि यंत्र थांबले.

"अंकल, व्हॉट इज धिस?" तपासणी करणाऱ्या बाईंनी विचारले.

"वॉटर. फ्रॉम होम," चंद्रशेखर म्हणाले.

"वॉटर कॅनॉट, अंकल. मस्ट थ्रो अवे."

पण टाकायला झाकण तर उघडले पाहिजे. बाईंनी जोर लावला, त्यांच्या सहकाऱ्याने लावला, यशोधनने रुमाल धरून लावला. नळ कधी गळू न देणाऱ्या हातांनी आवळलेली फिरकी ती. शेवटी चंद्रशेखरांनीच ती उघडली, पण पाणी ओतून द्यायला ते काही तयार होईनात. निघताना घेतलेले घरचे पाणी टाकायचे नसते, असे म्हणून त्यांनी सगळ्यांना रांगेतच ते प्यायला लावले. यशोधन निमूट प्यायला, अश्लेषा हसत प्यायली. अकरा वर्षांच्या गार्गीने फोन तोंडासमोर धरला.

"आजोबा, सो पाइसेह लाह," ती पुटपुटली. फार लाज वाटली की तिकडची मुले असे म्हणतात. पण शेवटचे दोन घोट तिलाच प्यावे लागले.

रोममध्ये पहिले दोन दिवस आम्ही सगळे जातात तिथे गेलो. मी चंद्रशेखरांच्या खांद्यावरच्या कापडी पिशवीत बसून मान बाहेर काढून पाहत होतो. प्रचंड कमानी, मोडके खांब आणि त्यांच्यापुढे फोटोसाठी ताटकळणारी माणसे. त्या शहरात जागोजागी रस्त्यावर अखंड वाहणारे पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत. चंद्रशेखरांचे लक्ष कमानींपेक्षा त्या नळांकडेच जास्त. प्रत्येक नळाशी थांबून ते मला विसळायचे आणि भरायचे. गार्गीची बर्फवाली बाटली हॉटेलवर विसरली होती, हे सांगायला मला आनंद होतो.

तिसऱ्या दिवशी आम्ही ओस्तियाला गेलो. हे प्राचीन रोमचे बंदर. जहाजातून धान्य यायचे, तेल यायचे, लांबलांबच्या देशांतली माणसे उतरायची. आता तिथे समुद्र नाही. नदीने पात्र बदलले, गाळ साठत गेला आणि किनारा दोनेक मैल दूर सरकला. मागे उरले ते विटांचे शहर. रस्ते आहेत, पण घरांवर छपरे नाहीत. भिंतींच्या सावलीत मांजरी झोपलेल्या असतात आणि दगडी फटींतून गवत डोकावते.

एका घरात लांब दगडी ओटा होता आणि भिंतीवर खाद्यपदार्थांचे फिकट चित्र. माहितीचा फलक न वाचताच गार्गी म्हणाली, "आजोबा, धिस वन हॉकर सेंटर, व्हॉट." आणि तिने बाहेरच्या दगडी बाकावर टिश्यूचे पाकीट ठेवून दिले. सिंगापुरात हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, बसायची जागा अशी धरून ठेवतात. दोन हजार वर्षांत त्या बाकावर जागा धरणारी ती पहिलीच असावी.

पुढे एक मोठा चौक लागला. चौकाभोवती जहाजवाल्यांच्या कचेऱ्यांच्या ओळी होत्या आणि प्रत्येक कचेरीपुढे जमिनीवर काळ्या-पांढऱ्या खड्यांची चित्रे होती. कुठे शिडाची जहाजे, कुठे मासे, कुठे दीपगृह, तर एका ठिकाणी चक्क हत्ती. अश्लेषा चालायची थांबली. बँकेत ती जहाजातून जाणाऱ्या मालाचेच व्यवहार पाहते.

"यशो, ही माझ्याच कामाची माणसं आहेत रे," ती म्हणाली. "कोणता माल, कुठून आला, कोण जबाबदार. आमचंही हेच चालतं. आणि यातल्या एकाचंही नाव आज कोणाला माहीत नाही."

"सगळं इतकं छान होतं, मग गेले कुठे सगळे?" गार्गीने मराठीत विचारले. ती खरेच विचारात पडली की मराठीत बोलते, हे मी ताडले आहे.

चंद्रशेखर जमिनीतून वर आलेल्या शिशाच्या एका नळाशी वाकले होते. "शहर एकदम ओसाड होत नाही, बाळा," ते म्हणाले. "आधी एक नळ गळायला लागतो आणि तो कोणी दुरुस्त करत नाही. मग दुसरा. बंदर गेलं, काम गेलं, माणसं एकेक करून निघून गेली. राहिलं त्याला आपण आज तिकीट काढून बघतो."

दुपारी ऊन वाढले तेव्हा आम्ही तिथल्या लहानशा संग्रहालयात शिरलो. आत शिरताच काचेच्या पेटीत मला माझा एक भाऊबंद दिसला. तो काशाचा होता, म्हणजे निम्म्याहून जास्त माझ्याच कुळातला. तसेच गोल पोट, तशीच आखूड मान. अंग हिरवे पडले होते. बूड खाऊन गेले होते आणि तिथे मोठे भोक होते. खाली इवल्याशा पाटीवर लिहिले होते, "पाण्याचे भांडे". वरून त्याच्यावर सुंदर दिवा सोडला होता. मित्रांनो, खरे सांगतो, मला आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नव्हती. परत गेल्यावर माझे काय होणार, ते मला त्या पेटीत आधीच दिसत होते.

आम्ही दाराबाहेर पडणार, तोच पहारेकरी बाईंनी हात आडवा केला. चंद्रशेखरांच्या पिशवीतून माझे तोंड बाहेर आले होते. बाईंनी मला बाहेर काढायला सांगितले. मला फिरवून पाहताना त्यांचे बोट माझ्या पोटावरच्या अक्षरांवर थांबले. जुने धातूचे भांडे, त्यावर ठिपक्यांनी कोरलेला न समजणारा लेख, आणि ते एका म्हाताऱ्याच्या पिशवीतून संग्रहालयाबाहेर चाललेले. बाईंचा चेहरा कठोर झाला. त्यांनी वायरलेसवर कोणाला तरी काहीतरी सांगितले.

"हे आमचं आहे. घरचं आहे," चंद्रशेखर इंग्रजीत सांगू लागले, पण घाईत त्यांचे शब्द अडखळले.

"मग यावर काय लिहिलं आहे?" बाईंनी विचारले.

अश्लेषा पुढे झाली. तिने मला हातात घेतले आणि अक्षरांवरून बोट फिरवत आधी मराठीत वाचले. "चि. सौ. कां. सुचित्रा हिस मावशीकडून सप्रेम भेट." मग इंग्रजीत सांगितले, "सुचित्रा ही माझी आई. तिच्या लग्नात तिच्या मावशीनं हे दिलं. प्रेमानं दिलं, असं लिहिलं आहे." तारीख तिने दोनदा वाचली. लहानपणापासून तिने मला पाहिले होते, पण माझ्यावरचे नाव तिने त्या दिवसापर्यंत कधी मोठ्याने वाचले नव्हते.

बाई अजून साशंक होत्या. तेव्हा चंद्रशेखरांनी शांतपणे फिरकी उघडली, मान वर केली आणि वरून पाण्याची धार तोंडात सोडली. थेंबसुद्धा सांडला नाही. पेटीतल्या भांड्यात पाणी नसते, हे त्या बाईंनाही ठाऊक होते. त्या आधी चकित झाल्या आणि मग मोठ्याने हसल्या. त्यांनी हात जोडल्यासारखे करून क्षमा मागितली आणि ओंजळ पुढे केली. चंद्रशेखरांनी त्यांना पाणी घातले. काळजी मिटली की जीव भांड्यात पडला, असे माणसे म्हणतात. भांड्याचा जीव कुठे पडावा, याची सोय कोणीच केलेली नाही. माझा तरी तो त्या बाईंच्या ओंजळीत पडला.

"मला दे ना, बाबा," अश्लेषा म्हणाली. तिने मान वर केली, डोळे मिटले. चंद्रशेखरांनी धार सोडली. निम्मे पाणी तिच्या कुर्त्यावर गेले आणि ती पुसायचेही विसरली. पाण्याला तांब्याची जी किंचित चव येते, ती तिने कित्येक वर्षांनी चाखली होती.

गार्गी तोवर पुन्हा त्या काचेच्या पेटीकडे पाहत होती. "मम्मा, देन दॅट वन ऑल्सो गॉट मावशी, इझ इट?" तिने विचारले. "त्याला पण कोणीतरी कोणालातरी गिफ्ट दिलं असेल ना?"

"असेल," अश्लेषा म्हणाली.

"मग कोणी वापरायचं का थांबवलं?"

परतीच्या गाडीत अश्लेषाने मला मांडीवर घेतले होते आणि ती खिडकीबाहेर पाहत होती. तिच्या मनात काय चालले आहे, ते मला कळत नव्हते. डेसमंडला यायला आता फार दिवस उरले नव्हते.

आम्ही मरीन परेडला परतलो. ठरल्याप्रमाणे डेसमंड आला आणि बरोबर भोक पाडणारा कारागीर घेऊन आला. त्याने आपली पेटी उघडली, ड्रिलचे पाते निवडून लावले. चंद्रशेखर आपल्या खोलीत वर्तमानपत्र उघडून बसले होते, पण पान काही उलटत नव्हते. मी जेवणाच्या टेबलावर होतो. डेसमंडने हसतमुखाने माझ्या कडीत बोट घातले आणि तो मला उचलायला गेला, पण मी जागचा हललोच नाही. हलक्या शोभेच्या भांड्याची सवय असलेल्या हाताला माझे वजन पेलले नाही.

त्या दिवशी सकाळी अश्लेषाने मला काठोकाठ भरून ठेवले होते.

"सॉरी, डेसमंड," ती म्हणाली. "मी आधी कळवायला हवं होतं. यात पाणी आहे. हा वापरात आहे." मग तिने दोन पेले आणले, मला उघडले आणि त्या दोघांना पाणी दिले. कारागिराने पाणी पिऊन ड्रिल परत पेटीत ठेवले. दिव्यासाठी डेसमंडने नंतर एक चिनी मातीचे भांडे आणले. ते सोफ्याशेजारी फार शोभते, हे मी मोकळ्या मनाने कबूल करतो.

आतल्या खोलीत वर्तमानपत्राचे पान उलटल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने चंद्रशेखर बाहेर आले, माझ्यातून पेलाभर पाणी घेतले आणि फिरकी लावून ठेवली. लेकीच्या डोक्यावरून हात फिरवून ते पुन्हा आत गेले.

मित्रांनो, आता मी सुखात आहे. माझ्या अंगाला लेप नाही, त्यामुळे मी काळा पडतो, आणि रविवारी गार्गी मला लिंबू-मीठ लावून घासते, जरा कुरकुर करत. परवा तिच्या हातून पडून मला एक पोचा आला. तो मठारकामातला नाही, खरा पोचा आहे, पण मला त्याचे वाईट वाटले नाही. ओस्तियातल्या माझ्या त्या भाऊबंदाच्या अंगावर दिवा आहे, काच आहे, पहारा आहे. फक्त त्याला कोणाचे नाव नाही आणि त्याचे पाणी कोणी पीत नाही. तुमच्या घरात कुठे सुटकेसमागे, माळ्यावर, पलंगाखाली एखादे जुने भांडे असेल तर ते बाहेर काढा. त्याच्यावरचे नाव मोठ्याने वाचा आणि ते कोणाचे, ते घरातल्या मोठ्यांना विचारा. मग ते घासा आणि वापरायला घ्या. सांभाळून ठेवणे म्हणजे नुसते ठेवून देणे नव्हे, हे मला या वयात रोमला जाऊन कळले.

आणखी सांगितले असते, पण गार्गी बॅडमिंटन खेळून आली आहे, घामाघूम झाली आहे आणि फिरकी उघडते आहे.